कान वाजतात तेव्हा : कर्णनाद समजून घेऊ या



आजचा पाठ कानाविषयी आहे. पण बाहेरून येणाऱ्या आवाजाविषयी नाही. बाहेर सगळं शांत असताना कानात किंवा डोक्यात जो आवाज येत राहतो, त्याविषयी आहे. कुणाला बारीक शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिड्यांची किर्र, कुणाला वाफ सुटल्यासारखा फुस्स आवाज, तर कुणाला शंख कानाला लावल्यासारखी घूं घूं. आपण साध्या भाषेत ‘कान वाजतोय’ म्हणतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. मराठीत त्याला कर्णनाद असा नेमका शब्द आहे.

शाळेच्या कामात हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे हा त्रास आपल्यापैकी अनेकांना, आपल्या घरातल्या आजी-आजोबांना असतो आणि आपण तो अंगावर काढतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हा त्रास मुलांनाही होतो आणि मुलं तो सांगत नाहीत. सगळ्यांनाच असं ऐकू येत असेल, असं त्यांना वाटतं.

कान वाजणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा दोन वाक्यं ऐकायला मिळतात. एक, ‘यावर काही उपाय नाही, सवय करून घ्या.’ दुसरं, ‘आमच्याकडे या, मुळापासून हमखास बरं करतो.’ पहिलं वाक्य माणसाला हताश करतं, दुसरं त्याचा खिसा रिकामा करतं. खरी गोष्ट या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. ती समजली की निम्मा त्रास तिथेच हलका होतो. चला, क्रमाने पाहू.

१. कर्णनाद म्हणजे नेमकं काय?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा : कर्णनाद हा स्वतंत्र रोग नाही, ते लक्षण आहे. ताप आला की आपण म्हणतो, ‘कशामुळे आला ते बघू.’ इथेही तसंच. कानात आवाज येतो म्हणजे ऐकण्याच्या वाटेवर, बाहेरच्या कानापासून मेंदूपर्यंत, कुठेतरी काहीतरी बदललं आहे.

आणि हे दुर्मीळ नाही. २०२२ साली जगभरातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार १०० प्रौढांपैकी सुमारे १४ जणांना कर्णनाद असतो आणि सुमारे दोघांना तो तीव्र स्वरूपाचा असतो. म्हणजे ५० शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात सहा-सात जणांचे कान वाजत असू शकतात. शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हा त्रास जुना आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनादाचं नाव आहे. चेक संगीतकार स्मेताना याला उतारवयात बहिरेपण आलं आणि कानात सतत आवाज येऊ लागला. १८७६ साली त्याने ‘माझ्या जीवनातून’ या नावाची रचना केली. चार तंतुवाद्यांच्या त्या रचनेच्या शेवटच्या भागात अचानक एक तीव्र, उंच सूर लांबवर वाजत राहतो. त्याला कानात जे ऐकू येत होतं, ते त्याने श्रोत्यांना ऐकवलं. कान वाजणाऱ्या प्रत्येकाची अडचण हीच असते. आवाज त्याला एकट्यालाच येतो. तो जखमेसारखा दाखवता येत नाही. म्हणून घरातलेही म्हणतात, ‘काही नाही, तुझा भास आहे.’ तो भास नाही. बाहेर आवाज नसला तरी ऐकण्याचा अनुभव अगदी खरा असतो.

२. आवाज तयार कुठे होतो?

कानाची रचना आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच. ध्वनिलहरी कर्णपटलावर आदळतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं ते कंपन आतल्या कानाकडे पोहोचवतात. आत गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा कर्णावर्त असतो. त्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. या पेशी कंपनाचं विद्युत संदेशात रूपांतर करतात आणि श्रवणचेता तो संदेश मेंदूला देते. उंच सुरांच्या पेशी कर्णावर्ताच्या तोंडाशी आणि खालच्या सुरांच्या पेशी टोकाशी, अशी त्यांची पेटीच्या पट्ट्यांसारखी मांडणी असते.

मोठा आवाज, वाढतं वय किंवा काही औषधं यांमुळे या पेशी खराब होतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. मग होतं काय? समजा, उंच सुरांच्या काही पेशी गेल्या. मेंदूला त्या पट्टीतून येणारे संदेश कमी झाले. मेंदू हे मुकाट्याने मान्य करत नाही, तो आपली संवेदनक्षमता वाढवतो.

जुना रेडिओ आठवा. केंद्र नीट लागत नसलं की आपण आवाजाचं बटण पिळायचो. मग बातम्या कमी आणि खरखर जास्त ऐकू यायची. ती खरखर केंद्राकडून येत नव्हती, रेडिओच्या आतूनच येत होती. कर्णनादाची सर्वांत जास्त मान्य असलेली कल्पना अशीच आहे. कानाकडून संदेश कमी झाला की मेंदू ‘बटण पिळतो’ आणि चेतातंतूंची स्वतःची खरखर आपल्याला शिट्टी किंवा किर्र म्हणून ऐकू येते. म्हणूनच बऱ्याच जणांची शिट्टी उंच सुराची असते, कारण मोठ्या आवाजाने आणि वयाने उंच सुरांचं ऐकणंच आधी जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कानात किडा शिरलेला नाही आणि कुठली नस फुटायला आलेली नाही. दोन, नुसतं कानात काहीतरी घालून हा आवाज बहुधा जाणार नाही, कारण तो कानाच्या भोकात नाहीच.

३. मग त्रास सगळ्यांना सारखा का होत नाही?

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. नीट ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना आवाज-बंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि जे ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. सुमारे ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज लिहिले : गुणगुण, सूं सूं, शिट्टी. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर जवळजवळ सगळ्यांनाच काहीतरी ऐकू येतं. मग फरक कुठे पडतो?

घरातलंच उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात कुकर लावलाय. आई बाहेर शेजारणीशी बोलतेय, टीव्ही चालू आहे, मुलं दंगा करताहेत. तरी तिसरी शिट्टी झाली की आई उठते. बाकी कुणाला विचारा, किती शिट्ट्या झाल्या? कुणालाच माहीत नसतं. कान सगळ्यांना सारखेच, पण तो आवाज आईच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

उलट उदाहरणही आहे. पिठाच्या गिरणीला लागून घर असलेली माणसं दुपारी छान झोपतात. पाहुणा आला की त्याला डोळा लागत नाही. चार दिवसांनी तोही झोपतो. गिरणीचा आवाज कमी झालेला नसतो. ‘यात धोका नाही, आपल्याला काही करायचं नाही,’ एवढं मेंदूला पटलेलं असतं.

कर्णनादाचं असंच आहे. आवाज ऐकू आल्यावर मनात आलं, ‘मेंदूत गाठ तर नाही? आता आयुष्यभर असंच? मी बहिरा होणार का?’ की मेंदू त्या आवाजाला धोक्याची घंटा मानतो. धोका म्हटलं की लक्ष तिकडेच जातं. लक्ष गेलं की आवाज मोठा वाटतो, झोप उडते, थकवा येतो, आणि थकलेल्या मेंदूला तो अजून मोठा वाटतो. हे चक्र एकदा सुरू झालं की त्रास आवाजाच्या मोजमापापेक्षा त्या भीतीमुळे जास्त होतो. तपासणीत जुळवून पाहिलं तर बहुतेकांचा कर्णनाद अगदी हलक्या आवाजाइतकाच भरतो. म्हणून उपचाराचे दोन भाग आहेत : मूळ कारण सापडलं तर ते दूर करायचं, आणि हे चक्र तोडायचं.

४. कारणं कोणती?

- कानात साचलेला मळ, सर्दीनंतर मध्यकर्णात साठलेलं पाणी, कान फुटणं. मुलांमध्ये ही कारणं नेहमीची आहेत आणि ती बरी होतात.
- मोठा आवाज : मिरवणुकीतला डीजे, फटाके, यंत्रमाग किंवा लोखंडी कामाचा कारखाना, कानात तासन् तास मोठ्याने चालू असलेले इअरफोन.
- वयानुसार कमी होणारं ऐकणं.
- काही औषधं : अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतील अ‍ॅस्पिरिन, क्विनाइन. (अशी शंका आली तर औषध स्वतःहून बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांना लगेच सांगा.)
- मेनियरचा आजार : यात कर्णनादाबरोबर चक्कर येते आणि ऐकणं कमी-जास्त होतं.
- जबड्याचा सांधा किंवा मानेचे स्नायू आखडणं. दात खाण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.
- रक्तक्षय, थायरॉइडचे विकार.

अपुरी झोप आणि ताण यांनी असलेला आवाज हमखास मोठा वाटतो. परीक्षेच्या आणि पेपर तपासण्याच्या दिवसांत त्रास वाढला तर त्यात नवल नाही.

५. डॉक्टरांकडे किती लवकर जायचं?

मिरवणुकीहून किंवा लग्नाच्या वरातीहून आल्यावर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ते थांबतं. पण ‘थांबलं म्हणजे काही झालं नाही’ असं मानू नका. ती कानाने दिलेली समज असते. त्या दिवसांत कानांना शांतता द्या. दोन दिवसांत थांबलं नाही तर दाखवा.

पुढील गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही :

१. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ‘सर्दीने बंद झाला असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर सुरू होतात तितका उपयोग होण्याची शक्यता जास्त.
२. नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक असा आवाज येतो. हा प्रकार वेगळा आहे. त्याचं कारण रक्तवाहिन्यांत असू शकतं, म्हणून तपासणी आवश्यक.
३. आवाज फक्त एकाच कानात आहे आणि तो टिकून आहे.
४. सोबत गरगरणं, चेहरा वाकडा होणं, हातापायात अशक्तपणा, कानातून पू किंवा रक्त येणं, किंवा डोक्याला मार लागलेला असणं. चेहरा वाकडा झाला किंवा हात-पाय लुळा पडला तर थेट रुग्णालय गाठा.
५. झोप पूर्ण उडाली आहे, किंवा जगणं नकोसं वाटतंय. हे बोलून दाखवायला लाजू नका. शासनाच्या टेलिमानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

६. तपासणीत काय करतात?

घाबरण्यासारखं काही नसतं. डॉक्टर दुर्बिणीने कान पाहतात. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी होते. शांत खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे हलके सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. गरज असेल तर टिंपॅनोमेट्रीने मध्यकर्णाचा दाब पाहतात. एमआरआय सगळ्यांना लागत नाही, एकाच कानातला त्रास किंवा वर सांगितलेली लक्षणं असतील तर सांगतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग असतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे.

जाताना एका कागदावर लिहून न्या : आवाज कधी सुरू झाला, एका कानात की दोन्हीत, कसला, सतत की अधूनमधून, कोणती औषधं चालू आहेत. पाच मिनिटांच्या भेटीत या कागदाचा फार उपयोग होतो.

७. उपचार : काय उपयोगी पडतं?

मळ काढला, मध्यकर्णातलं पाणी गेलं, रक्तक्षय सुधारला, की त्यामुळे आलेला आवाज बहुधा जातो. पण केसपेशी गेल्यामुळे आलेला आवाज पूर्ण बंद करणारी गोळी आजतरी नाही. हे वाक्य इथेच सोडलं तर निराशाजनक वाटेल, म्हणून पुढचंही वाचा.

*श्रवणयंत्र.* ऐकणं कमी झालं असेल तर हा सर्वांत सरळ उपाय. मेंदूला हरवलेले संदेश परत मिळाले की त्याला ‘बटण पिळावं’ लागत नाही. आमच्या परिचयातले एक गणिताचे शिक्षक दोन वर्षं गोळ्या बदलत होते. ऐकण्याची मोजणी मात्र झाली नव्हती. मागच्या बाकावरची मुलं पुटपुटतात, अशी त्यांची जुनी तक्रार होती. मोजणी केल्यावर कळलं की मुलं नीटच बोलत होती, सरांचेच उंच सूर गेले होते. यंत्र लावल्यावर वर्गात शिट्टी मागे पडली. रात्री यंत्र काढलं की ती अजूनही येते, पण आता ते झोपतात. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग यंत्राला का लाजायचं?

*शांततेत हलका आवाज.* अंधाऱ्या खोलीत पणतीही डोळ्यांत भरते, दिवे लावले की ती दिसतही नाही. तसंच, एकदम शांत खोलीत कर्णनाद मोठा वाटतो. झोपताना पंखा, पावसाचा किंवा नदीचा ध्वनिमुद्रित आवाज, मंद तानपुरा असं काही चालू ठेवा. आवाज इतका ठेवा की कर्णनाद पूर्ण झाकला जाणार नाही, दोन्ही शेजारी-शेजारी ऐकू येतील. मेंदूला त्याची सवय व्हायची असेल तर तो थोडा ऐकू यायला हवा. जस्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञाने समुपदेशन आणि असा हलका ध्वनी यांची जोड घालून एक पुनर्प्रशिक्षण पद्धत तयार केली. तिला महिने लागतात, पण दिशा हीच आहे.

*विचार आणि वर्तन उपचार.* इंग्रजीत याला सीबीटी म्हणतात. कर्णनादाचा मनावर होणारा परिणाम कमी करण्यासाठी सर्वांत चांगला पुरावा याच पद्धतीला आहे. २०२० साली कॉक्रेन या संशोधन-आढावा संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्रास कमी होण्यास याची मदत होऊ शकते असं दिसलं. यात आवाजाचा जोर कमी करण्याचा प्रयत्न नसतो. ‘हा आवाज माझं आयुष्य संपवणार’ हे वाक्य पकडायचं, तपासायचं आणि त्याजागी खरं वाक्य ठेवायचं : ‘आवाज आहे. तो धोकादायक नाही. काल गप्पा मारताना तासभर मला तो आठवलाही नाही.’ याला मनाचा आजार म्हणत नाहीत. आपण मुलांच्या मनातली गणिताची भीती घालवतो, तसंच हे.

*झोप, व्यायाम, दिनक्रम.* रोज ठरलेल्या वेळी झोपणं, संध्याकाळी चालणं, दीर्घ श्वसन. चहा-कॉफी सोडलीच पाहिजे असं नाही. घेतल्यावर त्रास वाढतो असं स्वतःला जाणवलं तरच कमी करून पाहा.

८. काय करू नये?

कानात कोमट तेल, लसणाचं तेल, कांद्याचा रस घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते थेट मध्यकर्णात जातं. काडी, हेअरपिन, कापसाची काडी यांनी मळ निघत नाही, आत ढकलला जातो.

गोळ्यांच्या बाबतीत : अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत जिंको, मेलाटोनिन, झिंक ही पूरकं कर्णनादासाठी सुचवू नयेत असं म्हटलं आहे. बीटाहिस्टीन ही गोळी मेनियरच्या आजारात वापरतात. पण नुसत्या कर्णनादासाठी ती देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत आहे. तुमची गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका. ‘ही नेमकी कशासाठी? किती दिवस?’ एवढं नम्रपणे विचारा.

९. मुलांच्या बाबतीत काय पाहावं?

लहान मूल ‘मला कर्णनाद आहे’ असं म्हणणार नाही. ते म्हणेल, ‘आई, झोपल्यावर टूं वाजतं,’ किंवा ‘माझ्या कानात डास राहतो.’ काही मुलं काहीच बोलत नाहीत, पण पंखा किंवा टीव्ही चालू असल्याशिवाय झोपत नाहीत, शांत वाचनाच्या तासाला चुळबुळ करतात, कान दाबून धरतात, ‘काय? काय?’ असं पुन्हा पुन्हा विचारतात. अशा मुलाला आपण ‘लक्ष नाही’ असा शेरा देऊन मोकळे होतो.

विचारताना भीती घालू नका आणि उत्तर तोंडात देऊ नका. सहज विचारा, ‘सगळं शांत असताना तुला काही ऐकू येतं का? कसलं?’ चित्र काढायला सांगा. मग धीर द्या : ‘हा आवाज खूप जणांना येतो. त्याने काही इजा होत नाही. आपण डॉक्टरांना कान दाखवू.’ शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आठवणीने सांगा. ऐकू कमी येत असेल तर त्याला पुढे, चांगला कान आपल्याकडे येईल असं बसवा. परीक्षेच्या निःशब्द खोलीत त्रास होत असेल तर चालत्या पंख्याजवळची जागा द्या. खेळाच्या तासाची शिट्टी मुलांच्या कानाशी वाजवू नका.

आणि एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. ‘कानाखाली आवाज काढीन’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. कानावर बसलेल्या एका चपराकीने कर्णपटल फाटू शकतं आणि आवाज खरोखरच निघतो, तोही पुढे कितीतरी दिवस त्या मुलाच्या कानात वाजत राहू शकतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. पण कायदा नसता तरी एवढं शरीरशास्त्र आपल्याला थांबवायला पुरेसं आहे. घरातही हेच लागू.

१०. वर्गात घेण्यासारखा उपक्रम : आवाजाचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे : प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. मुलांना फळ्यावर पुढची ओळ काढायला सांगा. मुलांच्या मर्यादेने : ७५ ला ४० तास, ७८ ला २०, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच तास, ९० ला सव्वा तास, ९३ ला सुमारे ३७ मिनिटं, ९६ ला १९, ९९ ला ९ मिनिटं. हे पूर्ण आठवड्याचं रेशन आहे! १०० डेसिबलच्या पुढे गेलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर दोन तास नाचलं तर काय होतं, ते मुलं स्वतःच सांगतील. आपण उपदेश करण्यापेक्षा त्यांनी काढलेलं उत्तर त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने वर्ग, मधली सुट्टी आणि शाळेसमोरचा रस्ता मोजा. आकडे अंदाजी येतील, पण तुलना कळेल. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे, हेही सांगा.

साधी खूण : हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला ओरडावं लागलं, तर तो आवाज कानाला जास्त आहे. अशा वेळी तीन गोष्टी : लांब व्हा, मध्ये विश्रांती घ्या, कानात फोमचे बोळे घाला. इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा.

थोडक्यात

कर्णनाद हे लक्षण आहे. आधी कान आणि ऐकणं तपासा. कारण सापडलं तर उपचार करा. नाही सापडलं किंवा कारण दूर होणारं नसेल, तरी यंत्र, हलका ध्वनी आणि भीती कमी करणारं मार्गदर्शन यांनी आवाज मागच्या बाकावर जाऊन बसतो. तो तिथे असतो, पण वर्ग चालू राहतो. ‘सवय करून घ्या’ असं नुसतं सांगून सवय होत नाही. ती कशी होते, हे शिकवावं लागतं, आणि शिकवणं तर आपलंच काम आहे.

आपल्यासाठी स्वाध्याय

१. या आठवड्यात आपल्या मुलाला आणि घरातल्या ज्येष्ठांना, शांत वेळी काय ऐकू येतं ते विचारा.
२. चाळिशी ओलांडली असेल तर एकदा ऐकण्याची मोजणी करून घ्या.
३. वर्गात डेसिबलची ती ओळ मुलांकडून पूर्ण करून घ्या आणि येणाऱ्या उत्सवाआधी ती फलकावर लावा.

आपले कान जपा, मुलांचे त्याहून जास्त जपा.